तीन गाठी कमी

फ्रासिनच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात कोठाराची किल्ली सव्वीस वर्षं एकाच कमरेला लटकत होती. ती कमर ग्लिकेरिया माईची. तिच्या कोठारात उंदरालाही आधी नाव सांगून आत जावं लागतं, असं मठातल्या बाकीच्या जणी म्हणायच्या, आणि ते ग्लिकेरियाच्या कानावर गेलं तरी तिला वाईट वाटत नसे. उलट बरं वाटे. लसणाच्या माळा किती, मिरच्यांच्या बरण्या किती, त्यातल्या झाकण सैल असलेल्या कोणत्या, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. साठ जणींचा मठ हिवाळाभर जेवतो तो काही नुसत्या प्रार्थनेवर नाही, हे तिचं ठाम मत होतं. मोठ्या माई, म्हणजे मठाच्या प्रमुख, त्यांचंही मनातून तेच मत असावं. कारण किल्ली दुसऱ्या कुणाला द्यायचा विषय त्यांनी कधी काढला नाही.

प्रार्थनेचंही ग्लिकेरियाचं तसंच. दीक्षेच्या दिवशी हातात आलेली काळ्या लोकरीची जपदोरी, शंभर गाठींची. गाठीला एक प्रार्थना, एका श्वासात मावेल एवढी. दर पंचवीस गाठींनंतर एक लाकडी मणी, आणि फेरा पुरा झाला की लोकरीचाच विणलेला क्रूस. रोज संध्याकाळी असे दहा फेरे. एकतीस वर्षांत पित्ताच्या खड्यांसाठी इस्पितळात नऊ दिवस पडावं लागलं तेवढाच खाडा, आणि तोही तिने परत आल्यावर दुप्पट फेरे करून भरून काढला. फेऱ्याचे चार भागसुद्धा तिने वाटून टाकले होते. पहिला पाव वडिलांसाठी, दुसरा आईसाठी, तिसरा मठासाठी, चौथा गाव्रिलसाठी.

गाव्रिल तिचा धाकटा भाऊ. जंगलात लाकडं तोडायचा, घसरगाडीवरून ओढून खाली आणायचा. एकोणतीस वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी तो मठाच्या फाटकाशी आला आणि बहिणीला बोलवा म्हणाला. ग्लिकेरिया तेव्हा जपाला बसली होती, दुसऱ्या की तिसऱ्या फेऱ्यात. निरोप आला तेव्हा तिने डोळेही न उघडता एक बोट वर केलं. थांब म्हणावं. दहा फेरे पुरे करून, झगा नीट करून ती फाटकाशी गेली, तेव्हा अक्रोडाखालचं बाकडं रिकामं होतं. दोन दिवसांनी गाव्रिल नदीच्या बर्फाखाली सापडला. बर्फ फसवं निघालं, असं काही जण म्हणाले. त्या वळणावर बर्फ पातळ असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक, गाव्रिलला ठाऊक नव्हतं होय, असं बाकीचे म्हणाले. त्या दिवसापासून चौथा पाव ग्लिकेरिया जरा सावकाश म्हणू लागली, एवढंच.

तिच्याबरोबर एकाच घरात राहायची तेक्ला माई. फ्रासिनला एका छताखाली सगळ्या जणी असा मठ नाही. चुन्याने रंगवलेली बुटकी घरं, काचेचा व्हरांडा, घरात दोघी-तिघी. ग्लिकेरिया आणि तेक्ला या जोडीकडे बघून नव्याने आलेल्यांना वाटे, मोठ्या माईंनी हे शिक्षा म्हणून केलं असणार, फक्त कुणाला कुणाची हे कळत नाही. तेक्ला बहात्तर वर्षांची, गोल, विसरभोळी, चर्चमध्ये उभ्याउभ्या डुलक्या काढणारी. पण मठातल्या सगळ्या जपदोऱ्या विणायची ती तीच. एका गाठीत लोकरीचे नऊ वेढे एकमेकांत अडकवायचे असतात. तेक्लाची बोटं ते गप्पा मारता मारता करत. गेल्या दोन वर्षांत मात्र तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. बोटांना डोळ्यांची गरज नव्हती, पण मोजायला डोळे लागत. म्हणून फाटकाजवळच्या दुकानात दोऱ्या जायच्या आधी ग्लिकेरिया त्या मोजून देई.

ऑक्टोबरातली दुपार होती. व्हरांड्यात ऊन आलेलं, तेक्ला एक नवी दोरी संपवून मान मोडत होती.

“अगं ग्लिकेरिया, तुझ्या दोरीशेजारी धरून बघ गं. मला वाटतं ही लांब झाली. लोकर जाड आली या खेपेला.”

ग्लिकेरियाने मनगटावरची दोरी काढून शेजारी धरली. नवी दोरी दोन बोटं लांब होती.

“माझी आटलीय,” ती म्हणाली. “एकतीस वर्षं झाली. माणूसही आटतं.”

“मी कुठे आटले?”

“तू सोडून.”

तरी तिने मोजली. मोजल्याशिवाय तिने आयुष्यात काही खाली ठेवलं नव्हतं. नवी दोरी: शंभर. मग आपली. पंचवीस, मणी. पंचवीस, मणी. पंचवीस, मणी. बावीस, क्रूस.

तिने परत मोजली. उलट्या बाजूने मोजली. मग चष्मा पुसून, दोरी मांडीवर पसरून, प्रत्येक गाठीवर टाचणी ठेवत मोजली. बावीस. एकतीस वर्षं बोटं गाठीवरून गाठीवर जात होती आणि मणी लागला की पुढे सरकत होती. गाठी किती, हे बोटांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि ती नेहमी क्रूसाच्या उजवीकडून सुरुवात करायची. म्हणजे आखूड पाव दरवेळी चौथाच. दरवेळी गाव्रिलचाच.

“काय झालं? गप्प का झालीस?” तेक्लाने विचारलं.

“तू माझ्या दोरीत सत्त्याण्णव गाठी घातल्यास.”

तेक्लाचा चेहरा आधी कोरा झाला. मग हळूहळू लाल झाला. बहात्तर वर्षांची बाई लाजली की कशी दिसते, हे ग्लिकेरियाला तोवर ठाऊक नव्हतं.

“तीच होती होय ती,” तेक्ला पुटपुटली. “मला वाटायचं, ती कुणा यात्रेकरूकडे गेली असेल.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“मोजल्या नव्हत्या गं. पण शंका होती. ऐक, रागावू नकोस. तुझ्या दीक्षेच्या आधीचा आठवडा. मी शेवटच्या पावात होते, याच खुर्चीत. आणि विणता विणता सगळं गप्प झालं.”

“काय गप्प झालं? कोण?”

“सगळंच. मी पण. हात चालले असतील किंवा नसतील. प्रार्थना मी म्हणत होते की ती आपोआप चालली होती, तेही सांगता येणार नाही. भीती नाही, आनंद असाही नाही. घर पुसून ठेवावं आणि कुणीतरी यायचं असावं, तसं. मग संध्याकाळच्या प्रार्थनेला बोलावणारे लाकडी फळीवरचे ठोके पडायला लागले आणि मी बघते तो दोरी हातात, क्रूसासाठी लोकर तयार. किती गाठी झाल्या, देव जाणे. उसवून बघायला हवं होतं. पण उसवायला धीर होईना. तसं पुन्हा कधी झालं नाही माझ्या बाबतीत. एकदाच.”

ग्लिकेरियाने ऐकून घेतलं. तिला राग आला, पण तो आला तिथे आधीच दुसरं काहीतरी बसलेलं होतं, आणि त्याला मत्सर म्हणतात हे कळण्याइतकी ती शहाणी होती. एकतीस वर्षं, दहा फेरे, रोज. आणि एकदाही काही गप्प झालं नव्हतं. प्रार्थनेखाली नेहमी काहीतरी खडखडत असे: बरण्या, पिंपं, उद्याचं पीठ, आणि या सगळ्याच्या तळाशी फाटकाशी जाणारी तिची स्वतःची पावलं. आणि या डुलक्या काढणाऱ्या बाईला ते खुर्चीत बसल्या बसल्या मिळालं होतं!

“गप्प तू झालीस,” ती म्हणाली, “आणि तोटा माझ्या भावाला.”

मग ती आत गेली आणि पेन्सिल घेऊन बसली. रोज दहा फेरे, फेऱ्याला तीन, म्हणजे रोज तीस. एकतीस वर्षं, लीप वर्षांचे दिवस धरून. ईस्टरनंतरच्या आठवड्यात हा जप नसतोच, ते आठवडे वजा. पित्ताच्या खड्यांचे नऊ दिवस भरून काढलेले, पण भरले तेही याच दोरीवर, म्हणजे तेही धरायचे. बेरीज आली तीन लाख तेहतीस हजार एकशे ऐंशी. तिने कागदाची घडी केली आणि ती झग्याच्या आतल्या बाजूला, छातीशी ठेवली.

शनिवारी डोंगरापलीकडच्या मठातून गेर्वासी बाबा आले. सगळ्या जणींची पापकबुली ऐकणारे तेच. गुडघे गेलेले, त्यामुळे कबुली ऐकताना पाय एका चौरंगावर पसरून बसत.

“किती म्हणालात?”

“तीन लाख तेहतीस हजार एकशे ऐंशी, बाबा.”

“लीप वर्षं?”

“धरली.”

“मग माझ्याकडे काय उरलं? हिशोब तर तुम्ही करूनच आलात.”

“परवानगी हवी, बाबा. रोज हजार जादा म्हटले तर अकरा महिन्यांत फिटतं. माझं वय सदुसष्ट, छातीत कधी कधी धडधडतं. उशीर करून चालणार नाही. तो तिथे वाट बघतोय.”

बाबा गुडघा चोळत राहिले. गाव्रिलची गोष्ट त्यांना ठाऊक होती. एकोणतीस वर्षं दर शनिवारी ती त्यांनी ऐकली होती, कधी शब्दांत, कधी शब्दांवाचून.

“दोरी खुंटीला टांगा,” ते शेवटी म्हणाले. “डिसेंबरात सेंट निकोलसचा सण येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. जादा नाही आणि नेहमीचे दहाही नाहीत. रोज दुपारी पाव तास रिकाम्या हातांनी बसायचं.”

“बसून काय करू?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणजे नेमकं काय, बाबा?”

“माई, जा आता. बाहेर अजून अकरा जणी उभ्या आहेत. हे तुम्हीही मोजलं असेलच.”

मोजलं होतं. अकराच होत्या.

गुरूंची आज्ञा मोडायची नाही, हे मठातल्या मांजरालाही ठाऊक असतं. ग्लिकेरियाने दोरी खुंटीला टांगली. पहिल्या दुपारी ती व्हरांड्यात रिकाम्या हातांनी बसली, तर अंगठा आपोआप तर्जनीवर सरकू लागला. तिने अंगठा मुठीत कोंडला. मग झग्याची बटणं दिसली, तेहतीस. मग अंगणातले खांब. पाव तास संपला तेव्हा तिला घाम फुटला होता आणि गाव्रिलच्या खात्यावर एकही गाठ पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती कोठारात गेली आणि पांढऱ्या घेवड्याच्या पोत्यातून शंभर दाणे मोजून उजव्या खिशात टाकले. एक प्रार्थना, एक दाणा डाव्या खिशात. शंभर झाले की उलट. आज्ञा दोरीबद्दल होती. घेवड्याचं नाव बाबांनी घेतलं नव्हतं. असा पळवाटीचा विचार दुसऱ्या कुणी केला असता, तर ग्लिकेरियाने तिला दारातही उभं केलं नसतं. आता ती स्वतःच चोरासारखी खिशात हात घालून फिरू लागली. भाकरी वाटताना, अंगण झाडताना, चर्चमध्ये उभी असताना. रोज हजार, कधी बाराशे. ओठ सारखे हलत. कुणी हाक मारली की एक बोट वर. थांब.

तेक्लाला सगळं दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

“खिशात काय कुरकुरतंय तुझ्या?”

एक बोट वर.

“बरं बाई. उंदीर असेल तर नोंदवून घे.”

कोबीच्या दिवसांत हे चाललं होतं. फ्रासिनला दरवर्षी ऑक्टोबरच्या शेवटी चौदा पिंपं कोबी खारवतात, आणि खारवणं म्हणजे मीठ घालून मोकळं होणं नव्हे. तीन आठवडे एक दिवसाआड प्रत्येक पिंपातलं खारं पाणी खालच्या तोटीने काढायचं आणि वरून परत ओतायचं, नाहीतर आत कुजतं. ग्लिकेरियाच्या हातून हे सव्वीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. या वर्षी नववं पिंप उघडलं तर वरचा दगड बुळबुळीत, आणि वास असा की स्वयंपाकघरातल्या जणी नाकाला बाही लावून बाहेर पळाल्या. मोठ्या माई स्वतः येऊन पिंपात डोकावल्या, आणि मग ग्लिकेरियाकडे बघून एवढंच म्हणाल्या, “तब्येत बरी आहे ना, माई?” रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

नाताळाचा लांब उपास सुरू झाला. त्याच आठवड्यात तेक्लाच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. शहरातल्या इस्पितळात, मंगळवारी. सोमवारी दुपारच्या बसने जायचं, शहराच्या थांब्यावर तेक्लाची भाची उतरवून घेणार. बसमध्ये नीट बसवून द्यायचं काम ग्लिकेरियाचं.

तेक्ला कधी कशाला घाबरत नाही, असं ग्लिकेरियाने गृहीत धरलं होतं. त्या सोमवारी तेक्ला सकाळपासून पिशवी भरत होती आणि रिकामी करत होती. शेवटी ती व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली.

“ग्लिकेरिया, इकडे येऊन बस ना जरा.”

ग्लिकेरिया आतल्या खोलीत होती. दुपारचा पाव तास चालू होता, म्हणजे घेवड्याचा. एकसष्टावा दाणा. तिने दारातून एक बोट दाखवलं.

“बस वेळेवर येते का गं सोमवारी?” थोड्या वेळाने तेक्ला म्हणाली. आणि मग, जरा हळू आवाजात, “डोळ्यात सुरी घालतात म्हणे जागेपणी. कळत नाही म्हणतात. पण जागेपणी.”

बोट अजून वरच होतं. अठ्ठ्याहत्तर. तेक्लाला ते दिसत नव्हतं, हे ग्लिकेरियाच्या लक्षात आलं नाही. एकोणनव्वद. नव्वद. व्हरांड्याची फळी करकरली. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव. शंभरावा दाणा डाव्या खिशात पडला, तिने झगा नीट केला आणि ती बाहेर आली.

खुर्ची रिकामी होती.

पिशवी नव्हती. काठी नव्हती. खुर्चीवरची उशी अजून बसकी होती, आणि ती हळूहळू फुगून वर येताना ग्लिकेरियाने पाहिली.

सदुसष्ट वर्षांची कोठारी माई, जिला कधी कुणी भराभर चालताना पाहिलं नव्हतं, ती पायऱ्या उतरून धावत सुटली. चर्चला वळसा घालून, लाकडांच्या ढिगापाशी, दगडी उतारावर. उतारावर तिचा पाय घसरला, ती सावरली, पण झग्याचा डावा खिसा कडेच्या दगडाला अडकून टर्रकन फाटला आणि घेवड्याचे दाणे खळखळत दगडांवरून खाली पळाले. एकेक दाणा जपणारी बाई ती. एक क्षण ती वाकली. मग सरळ झाली आणि दाण्यांवरून तशीच पुढे गेली.

फाटकाबाहेर, पानं गळून गेलेल्या अक्रोडाखाली, बाकड्यावर तेक्ला बसली होती. पिशवी मांडीवर, काठी गुडघ्यांत, तोंड रस्त्याकडे.

“कोण आहे?” पावलं ऐकून ती म्हणाली.

ग्लिकेरिया बाकड्यावर बसली. धाप लागली होती, छातीत धडधडत होतं.

“तू होय,” तेक्ला म्हणाली. “श्वासावरून ओळखलं नाही बाई, म्हशीसारखा आवाज येतोय. तुझं झालं पुरं?”

“नाही.”

“मग?”

“आले.”

तेक्लाने हात चाचपत पुढे केला आणि ग्लिकेरियाच्या मांडीवर तो ठेवला. ग्लिकेरियाने तो दोन्ही हातांत घेतला. थंडगार होता. बस यायला अजून वेळ होता. सोमवारी ती वेळेवर येत नाही.

“एकटी कशाला आलीस?” ग्लिकेरिया म्हणाली. “पडली असतीस म्हणजे?”

“तू गप्प होतीस. मला वाटलं, तुझं चाललंय. तुझं चाललेलं मोडायचं नसतं, हे एकतीस वर्षांत शिकले मी.”

हे टोमण्याने म्हटलेलं नव्हतं, आणि म्हणूनच ते लागलं.

“त्या दिवशी,” ग्लिकेरियाने विचारलं, “फाटकावर तूच होतीस ना? गाव्रिल आला तेव्हा?”

एकोणतीस वर्षांत तिने हा प्रश्न विचारला नव्हता. गाव्रिलचं नाव निघालं की ती दोरी उचलायची, आणि दोरी उचलली की समोरच्याने गप्प बसायचं असे.

“होते की. निरोप मीच आणला होता.”

“कुठे बसला होता?”

“तू बसलीयस तिथे.”

ग्लिकेरिया हलली नाही.

“किती वेळ लागेल, असं विचारलं त्याने,” तेक्ला म्हणाली. “मी म्हटलं, सव्वा तास. तर हसायला लागला. म्हणाला, मोजत असेल. लहानपणी अंडी मोजल्याशिवाय आम्हाला खाऊ द्यायची नाही, आई सुद्धा हिच्या रांगेत उभी असायची. मी त्याला गरम सूप आणून दिलं, घेवड्याचं. दोन वाडगे प्यायला. मग बसला. मी पण बसले. तो काही बोलला नाही, मी काही बोलले नाही. मला वाटलं, झोपला. झोपला नव्हता. मग उठला आणि म्हणाला, बरं वाटलं. तिला सांगा, घाई करू नको.”

“काय हवं होतं त्याला?”

“ते नाही सांगितलं गं. खोटं कशाला बोलू? आणि पुढे नदीवर काय झालं, तेही मला ठाऊक नाही. इथून गेला तेव्हा शीळ घालत गेला, एवढंच ऐकलं.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगायला आले होते, तर तू बोट वर केलंस. आणि नंतर... ‘घाई करू नको’ हा निरोप मी कोणत्या तोंडाने देणार होते? तुला वाटलं असतं, मेल्यावर भाऊ टोमणा मारतोय.”

ग्लिकेरियाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात तेक्लाच्या हाताभोवती होते. समोर रस्ता होता, पलीकडे कापलेल्या मक्याचं शेत, शेतात दोन डोमकावळे. तिला वाटलं, आता प्रार्थना म्हणावी. म्हणायला गेली तर ती आधीच चालू होती. कधी सुरू झाली, कळलं नाही. तिला गाठ नव्हती, दाणा नव्हता. श्वासाबरोबर आत जात होती आणि बाहेर येत होती, आणि तिच्यात गाव्रिलचं नाव होतं, तेक्लाचं होतं, आणि बहुतेक तिचं स्वतःचंही होतं. ते मात्र एकतीस वर्षांत कुठल्याच पावात बसलं नव्हतं.

मग नावंही खाली बसली. दरवर्षी ऑगस्टच्या शेवटी, नवं धान्य यायच्या आधी, कोठार पूर्ण रिकामं होतं. फळ्या धुऊन, भिंतींना चुना लावून, दार उघडं टाकलेलं असतं. आत काहीही नसतं आणि तरी ती जागा भरलेली वाटते. ऊन, ओल्या लाकडाचा वास. वर्षातून एक दिवस. त्या दिवशी ग्लिकेरिया दारात उगीच थोडी जास्त उभी राहायची आणि कुणी पाहिलं की चिडायची. आत्ता ते दार तिच्या आत उघडं होतं, आणि मोजायला काही नव्हतं. तेक्लाचा हात कधी उबदार झाला, तेही तिला नंतर आठवेना.

“माई! ओ माई!” कुणीतरी ओरडत होतं. बस समोर उभी होती आणि बसवाला खिडकीतून अर्धा बाहेर आला होता. “तीनदा हॉर्न वाजवला! यायचंय की इथेच समाधी लावायची?”

“यायचंय, बाबा, यायचंय,” तेक्ला उठत म्हणाली.

ग्लिकेरियाने तिला धरून चढवलं, आणि मग एक पाय खाली, एक पायरीवर, अशी ती क्षणभर उभी राहिली. कमरेची किल्ली काढून तिने हॉर्न ऐकून बाहेर आलेल्या फाटकावरच्या माईच्या हातात दिली. “मोठ्या माईंना सांग, उद्या संध्याकाळी परत येते. चौथ्या आणि अकराव्या पिंपाचं पाणी आज काढायचंय.” आणि ती बसमध्ये चढली. फाटकावरची माई त्या किल्लीकडे बघतच राहिली.

सेंट निकोलसच्या आदल्या शनिवारी ग्लिकेरियाने बाबांना घेवड्याची चोरी सांगितली. बाबा इतके हसले की गुडघा चौरंगावरून खाली आला.

“आणि दाणे? गोळा केले की नाही?”

“नाही, बाबा.”

“किती होते?”

“शंभर. पण सांडले किती, ते बघितलं नाही.”

बाबांनी हसणं थांबवून तिच्याकडे जरा वेळ नीट पाहिलं. मग म्हणाले, “दोरी काढा खुंटीवरून.”

डिसेंबरात तेक्लाच्या डोळ्यावरची पट्टी सुटली. एक डोळा लख्ख झाला आणि पहिल्याच दिवशी तिने ग्लिकेरियाला सांगितलं की, तू म्हातारी झालीस, मला कुणी बोललं कसं नाही. मग सुई आणि काळी लोकर काढून बसली.

“दे ती दोरी इकडे. क्रूस उसवते आणि तीन गाठी घालून देते. एवढी वर्षं जीव टांगणीला लागला तुझा, एका दुपारचं काम.”

ग्लिकेरियाने दोरी मनगटावरून काढली. हातात धरली. परत मनगटावर चढवली.

“राहू दे.”

“अगं, सत्त्याण्णव आहेत!”

“ठाऊक आहे मला किती आहेत ते.”

तिचे संध्याकाळचे दहा फेरे पुन्हा सुरू झाले आहेत. ते तिच्या खोलीतून कधी ऐकू येतात. पहिले तीन पाव पूर्वीसारखेच, एका चालीत. चौथ्या पावात बावीस गाठी होतात आणि क्रूस लागायच्या आधी बोटं थांबतात. तिथे ती काही म्हणत नाही. साधारण तीन श्वास, कधी जास्त, ती नुसती बसते. त्या वेळी कुणी दारात आलं, हाक मारली, तर ती डोळे उघडते आणि “ये” म्हणते.

पहिल्या वेळी थांबला होता तो गाव्रिल. आता थांबायची पाळी तिची.